फौज वाटेतच का वितळते?

“माझी फौज शत्रूच्या दुप्पट होती. एकही लढाई हरलो नाही. किल्ल्याला वेढा घालून नुसता बसून राहिलो, तर वर्षभरात जवळजवळ निम्मे सैनिक कमी झाले. खेळात काही बिघाड आहे का?”

ग्रँड स्ट्रॅटेजी प्रकारचे युद्धखेळ संगणकावर नव्याने खेळू लागलेली माणसे हमखास हा प्रश्न विचारतात. बिघाड नसतो. फौज उपासमारीने झिजत असते आणि खेळाने तसे सांगितलेलेही असते. पण सैन्याच्या चित्राशेजारी एक चिमुकली कवटी दाखवून सांगितलेले असल्यामुळे ते नजरेतून निसटते. लढाईचे नगारे ऐकू येतात, कवटी मात्र गप्प असते.

या प्रकरणात रसद समजून घ्यायची आहे, आणि त्यासाठी धाराशिव जिल्ह्याच्या बाहेर फारसे जावे लागणार नाही. परंड्याच्या भुईकोटापुढे शाहजहानच्या फौजा चार वर्षांत दोनदा आल्या आणि दोन्ही वेळा किल्ला न घेताच परतल्या. नळदुर्गजवळ बोरी नदीवरच्या एका पुलाने १९४८ साली एका मोहिमेचा वेग ठरवला. खेळातले नियम कोरडे वाटत असतील, तर ते या दोन गावांत जिवंत सापडतात.

१. तीन खेळ, तीन प्रश्न

बुद्धिबळातल्या हत्तीला चारा लागत नाही. ग्रँड स्ट्रॅटेजी खेळातल्या हत्तीला लागतो. दोन्हींतला मुख्य फरक हाच. या खेळांत तुम्ही सैनिक नसता, सेनापतीही नसता, तर एका राज्याचा अख्खा दरबार असता. समोर जगाचा नकाशा, त्यावर शेकडो प्रांत, कर, वारसदार, तह, कर्ज आणि फौजा. घड्याळ पुढे सरकत राहते आणि खर्चही.

या प्रकारात स्वीडनमधल्या पॅराडॉक्स कंपनीचे नाव मोठे आहे. तिचे तीन खेळ इथे पुरेसे आहेत. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ हा २०१३ मध्ये आला आणि त्याचा काळ १४४४ पासून सुरू होतो. ‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’ २०१६ चा, दुसऱ्या महायुद्धाचा. ‘क्रुसेडर किंग्ज ३’ २०२० चा, मध्ययुगाचा.

तिन्हींत रसद आहे, पण तिन्ही तिच्याबद्दल वेगळा प्रश्न विचारतात. युरोपा विचारतो : फौज जिथे उभी आहे, ती जागा किती तोंडांना पोसू शकते? क्रुसेडर किंग्ज विचारतो : फौजेच्या शिदोरीत किती उरले आहे? हार्ट्स ऑफ आयर्न विचारतो : राजधानीपासून या फौजेपर्यंत माल येतो कोणत्या वाटेने, आणि त्या वाटेतली सर्वांत अरुंद जागा कोणती? खऱ्या युद्धात हे तिन्ही प्रश्न एकाच वेळी अंगावर येतात. आपण ते एकेक करून घेऊ.

२. जागेची ताकद

पहिली कल्पना म्हणजे पुरवठ्याची मर्यादा. युरोपामध्ये प्रत्येक प्रांताला एक आकडा असतो. प्रांत सुपीक आणि विकसित असेल तर आकडा मोठा, डोंगराळ किंवा ओसाड असेल तर लहान. त्या आकड्याइतकी पथके तिथे सुखाने राहतात. त्याहून जास्त आणलीत की दर महिन्याला काही टक्के माणसे गळू लागतात. ही गळती सहसा महिन्याला पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. पाच टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण हजारांचे पुढच्या महिन्यात साडेनऊशे, मग नऊशे दोन, असे करत वर्षअखेर साधारण साडेपाचशे उरतात. सुरुवातीच्या तक्रारीतले ‘जवळजवळ निम्मे’ इथूनच आले.

मराठवाड्यातल्या वाचकाला ही कल्पना समजावायला दुष्काळातल्या चारा छावणीएवढे चांगले उदाहरण नाही. गावाच्या शिवारात गावाच्या गुरांपुरते गवत आणि कडबा असतो. एकाच जागी दहा गावांची जनावरे आणून बांधली की शिवाराचा उपयोग संपतो. मग सगळी भिस्त ट्रकवर. ट्रक एक दिवस आला नाही तर दावणीला हंबरडा सुरू होतो. वेढा घालून बसलेली फौज म्हणजे परक्या मुलखात, शत्रूच्या दारात उघडलेली अशी छावणी.

आता परंडा. किल्ला सपाटीवर आहे, भोवती खंदक, दुहेरी तटबंदी. बांधणीचे श्रेय परंपरेने बहमनी वजीर महमूद गावानकडे जाते. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यावर मलिक अंबरने निजामशाहीची गादी काही काळ इथेच मांडली होती. म्हणजे हा आडबाजूचा किल्ला नव्हे. त्यावर दिल्लीकरांचा डोळा असणे साहजिक होते.

१६३० मध्ये दख्खन आणि गुजरातेत पाऊस फसला. तुकोबांच्या घरादारावर आणि धंद्यावर घाला घालणारा दुष्काळ तो हाच. शाहजहान त्या वेळी बुऱ्हाणपुरात तळ देऊन होता, त्याने लंगर उघडले होते. अशा वर्षी, १६३१ च्या सुरुवातीला धारूर घेऊन त्याचा सरदार आझम खान परंड्यावर आला. तोफा होत्या, मोर्चे लागले, आणि थोड्याच काळात वेढा उठवून तो धारूरकडे मागे फिरला. कारण दरबारी इतिहासातच नोंदले आहे : किल्ल्याच्या आसपास दूरदूरपर्यंत जनावरांना चारा उरला नव्हता.

हे कारण वाचून बरेच जण नाक मुरडतात. बादशहाची फौज, आणि गवतासाठी परत जाते? खजिना होता, बैल होते, दुसरीकडून आणायचे होते. ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर आकड्यांतच आहे.

३. बैल आपलेच ओझे खातो

गोल आकडे घेऊ. हे आझम खानाच्या फौजेचे आकडे नव्हेत, हिशेब कळावा म्हणून घेतलेले आहेत. समजा फौजेत दहा हजार घोडे आहेत आणि प्रत्येकाला रोज दहा किलो वाळली वैरण लागते. रोजची गरज झाली एक लाख किलो. माणसाला दिवसाला किलोभर धान्य पुरते, म्हणजे रसदीतला खरा बोजा माणसाचे पोट नसून घोड्याचे आहे. इतिहासाच्या पुस्तकांत ‘फौजेला धान्य कमी पडले’ असे वाचताना त्यामागे चारा आहे का, हे आधी पाहावे.

एक बैल पाठीवर शंभर किलो घेतो, लादलेला असताना दिवसाला तेरा-एक किलोमीटर चालतो आणि स्वतः रोज आठ किलो खातो, असे धरू. एक कोस म्हणजे साधारण ३.२ किलोमीटर.

वैरण तळाच्या शेजारीच मिळाली, तर रोज हजार बैल पुरतात. प्रश्नच नाही.

वैरण दहा कोसांवर आहे, असे समजा. बत्तीस किलोमीटर, जायला अडीच दिवस, यायला अडीच. पाच दिवसांत बैल चाळीस किलो खातो. वाटेत चरायला काही नसेल तर हे चाळीस किलो त्याच्याच पाठीवरच्या शंभरातून जातात. तळावर पोचतात साठ. रोज लाख किलो हवे, तर रोज सोळाशे-सतराशे बैल येऊन पोचले पाहिजेत; आणि प्रत्येकाची फेरी पाच दिवसांची, म्हणून एकूण आठ हजारांहून अधिक बैल सतत रस्त्यावर हवेत.

आता अंतर दुप्पट करा, वीस कोस. फेरी दहा दिवसांची. बैल ऐंशी किलो स्वतः खातो, फौजेला वीस देतो. रोज पाच हजार बैल पोचायला हवेत, म्हणजे पन्नास हजार बैल रस्त्यावर. अंतर दुप्पट, बैल सहापट.

पंचवीस कोसांवर गोष्ट संपते. ऐंशी किलोमीटर, बारा दिवसांची फेरी, आणि बैलाने जवळजवळ पूर्ण शंभर किलो खाल्लेले. लाखभर बैल लावा, तळावर काहीही पोचणार नाही.

पैसा इथे कामाचा नाही, हे नीट लक्षात घ्या. चाऱ्याची वाहतूक चाऱ्यावर चालते, म्हणून एका ठरावीक अंतरापलीकडून चारा आणताच येत नाही. बुऱ्हाणपूर ते परंडा हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी सव्वातीनशे किलोमीटरांहून जास्त आहे. बादशहाच्या तळावर गंजी लागल्या असत्या, तरी परंड्यापुढच्या घोड्याला त्यातली एक पेंढी मिळाली नसती.

खेळातला ‘मर्यादा ओलांडली की गळती’ हा नियम आता मनमानी वाटू नये.

४. तांडा

मग मोगल फौजा दख्खनपर्यंत येतच कशा? लमाणांमुळे. बंजारा तांडे हजारो बैलांवर धान्य आणि मीठ लादून फौजांबरोबर चालत, आणि जिथे तळ पडे तिथे बाजार उभा राहत असे. शाहजहानच्या काळातल्या मोगल स्वाऱ्यांबरोबर भंगी आणि जंगी या नाईकांचे मोठे तांडे दख्खनमध्ये उतरले, अशी बंजारा समाजात परंपरा सांगितली जाते. आज मराठवाड्यात जागोजागी दिसणाऱ्या तांड्यांची मुळे अशा वाटांवर आहेत.

तांड्याची युक्ती वरच्या हिशेबात एकाच ठिकाणी बदल करते. त्यांचे बैल पाठीवरचे खात नसत, वाटेने चरत जात. सावकाश चालायचे, गवत असेल तिकडून वळसा घ्यायचा, पाण्याजवळ थांबायचे. बैलाचे आठ किलो रानातून आले की शंभरचे शंभर किलो पोचतात. तांड्याला वेग नसतो, पण अंतराची भीतीही नसते.

अट एकच, रानात गवत हवे. १६३१ मध्ये ते नव्हते. दुष्काळाने फौजेचे अन्न तोडले एवढेच नाही. फौजेला अन्न आणून देणाऱ्या यंत्रणेचे इंधनही तोडले. माझ्या मते आझम खानाच्या अपयशाचा हा भाग नेहमी दुर्लक्षित राहतो. आपण ‘दुष्काळ होता’ म्हणून पुढे जातो.

क्रुसेडर किंग्ज ३ मधली शिदोरी इथे आठवा. त्या खेळात फौज स्वतःबरोबर पुरवठा घेऊन निघते. प्रांत पोसू शकत असेल तर शिदोरी भरते, नसेल तर रिकामी होऊ लागते. शिदोरी भरलेली असेपर्यंत तुम्ही ओसाड मुलूख ओलांडू शकता. ती संपली की माणसे जातात. नवखे खेळाडू शिदोरीला ढाल समजतात. ती फक्त मुदत आहे.

ओझ्याची गोष्ट निघालीच आहे तर मुलूख मैदान तोफ राहायला नको. अहमदनगरला १५४९ मध्ये ओतलेली ही सुमारे पंचावन्न टनांची तोफ परंड्यात होती. १६३२ मध्ये ती विजापूरला नेली. दीडशे किलोमीटरांहून जास्त वाट आणि मधे भीमा. चारशे बैल, दहा हत्ती आणि शेकडो माणसे लागली असे सांगतात. आकड्यांबद्दल कोणी हुज्जत घालू शकेल, पण तोफखाना घोडदळाच्या जोडीला ठेवल्यावर सगळी फौज गोगलगाय का होते, याचे उत्तर त्यात आहे.

५. तोच सेनापती, तेच हत्यार

पुरवठा कमी पडणे ही एक गोष्ट, तो तोडणे ही दुसरी.

जून १६३३ मध्ये मोगल सेनापती महाबत खानाने दौलताबाद घेतले. देवगिरीचा तो किल्ला चढून जिंकण्यासारखा नाहीच. आतले धान्य संपले, उपासमार झाली आणि निजामशाही वजीर फत्तेखानाने किल्ला दिला. बाहेरून आदिलशाही सरदार मुरार जगदेव, रणदुल्ला खान आणि शहाजीराजे मोगलांच्या रसदेवर सारखे तुटून पडत होते; तरी मोगलांच्या रसदेची वाट टिकली आणि किल्ल्याची तुटली.

पुढच्याच वर्षी, १६३४ मध्ये, हाच महाबत खान शाहजादा शुजाला घेऊन परंड्यापुढे बसला. किल्ला तोवर आदिलशाहीकडे आला होता. या वेळी चाके उलटी फिरली. जवळचा चारा आणि सरपण संपले, आणि कही म्हणजे वैरण आणायला जाणाऱ्या टोळ्या दहा-बारा कोसांपर्यंत जाऊ लागल्या. वरच्या हिशेबातला दुसरा टप्पा तो हाच. पण इथे आणखी एक गोष्ट वाढली : आदिलशाही स्वार या कहीवर छापे घालत. म्हणजे वैरण आणायला बैल पुरेनात, त्यात बैलांच्या राखणीला घोडेस्वार द्यावे लागले. त्या घोड्यांनाही वैरण लागतेच. राखण वाढवावी तर भूक वाढते, राखण कमी करावी तर कही लुटली जाते. सरदारांत बेबनाव झाला, पावसाळा तोंडावर आला आणि फौज बुऱ्हाणपूरला परतली. महाबत खान त्याच वर्षी वारला.

चांगला खेळाडू शत्रूची फौज कुठे आहे हे पाहतो. त्याहून चांगला खेळाडू त्या फौजेची कही कुठे आहे हे पाहतो. पहिल्या बाजीरावाने १७२८ मध्ये पालखेडला निजामाला असेच गाठले : मुलूख लुटत त्याला आपल्या मागे ओढले, जड तोफखान्यापासून तोडले आणि पाण्याला महाग करून मुंगी-शेवगावच्या तहावर आणले. मोठी लढाई झालीच नाही. पानिपतावर १७६० च्या अखेरीस हेच उलट्या दिशेने आपल्यावर बेतले. अब्दालीने यमुना ओलांडून सदाशिवराव भाऊंची दिल्लीशी असलेली वाट कापली, आणि दुआबात त्याची रसद मारणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. १४ जानेवारी १७६१ ची लढाई उपाशी फौजेने दिली, हे प्रत्येक मराठी घरात ठाऊक असते.

६. तट की कोठार

खेळात किल्ला एका आकड्यासारखा दिसतो : पातळी दोन, पातळी चार. पातळी जितकी वरची तितका वेढा लांबतो. तटाची उंची हे त्याचे कारण म्हणून पुरेसे नाही. किल्ल्यात अंबारखाना असतो, पेवे असतात, विहिरी असतात. वेढा घालणारा रोज बाहेरून आणून खातो, आतला वर्षभर आधी साठवलेले खातो. वेढा ही दोन कोठारांची शर्यत आहे, आणि आतल्याला वाहतुकीचा खर्च शून्य.

नळदुर्गचा पाणी महाल पाहायला पावसाळ्यात झुंबड उडते, कारण बोरीचे पाणी बांधावरून नर-मादी धबधब्यांतून कोसळते आणि बांधाच्या पोटात महाल कोरडा राहतो. पर्यटकाला महाल दिसतो. १६१३ मध्ये दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळी हा बांध घालताना सौंदर्याबरोबर दुसरी गोष्टही साधली गेली. अडवलेली नदी म्हणजे किल्ल्याजवळ कायमचे साठवलेले पाणी. कोरड्या मुलखात याहून मोठे कोठार नाही.

परंडा शेवटी मोगलांना मिळाले ते १६६० मध्ये, किल्लेदार गालिबने वाटाघाट करून सोडले म्हणून. तीस वर्षांपूर्वी जे वेढ्याला जमले नव्हते ते पैशाने झाले. युरोपामध्ये वेढ्याचा पालटता फासा कधी कधी अचानक तुमच्या बाजूने पडतो आणि दरवाजे उघडतात, तेव्हा त्याला नशीब म्हणून सोडून देऊ नका. असे किल्लेदार असत.

७. रूळ आणि अरुंद जागा

बैलाचा हिशेब आगगाडीने मोडला. वाफेचे इंजिन वैरण खात नाही आणि शेकडो बैलांचे ओझे एकटे ओढते. म्हणून दुसऱ्या महायुद्धावरच्या हार्ट्स ऑफ आयर्न ४ मध्ये प्रश्न बदलतो. २०२१ च्या सुधारणेनंतर त्या खेळात पुरवठा राजधानीतून रूळांवरून किंवा बंदरांतून पुरवठा-केंद्रांपर्यंत जातो आणि केंद्रापासून पुढे घोडे किंवा ट्रक तो आघाडीवर नेतात. केंद्राजवळची फौज तृप्त, लांबची उपाशी. केंद्राला ट्रक दिले की त्याचा पल्ला वाढतो.

यात एक नियम नवख्यांना कळत नाही. रेल्वेमार्गाची क्षमता त्याच्या सर्वांत कमकुवत पट्ट्यावर ठरते. राजधानीपासून शेकडो किलोमीटर उत्तम रूळ टाकलेत आणि मधे एक तुकडा हलका राहिला, तर त्या तुकड्यातून जेवढे जाईल तेवढेच पुढे पोचते. पैसे त्या तुकड्यावर घालायचे असतात.

हा नियम धाराशिवकरांच्या अनेक पिढ्यांनी रोजच्या व्यवहारात पाहिला आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली आणि १९११ मध्ये येडशीवरून लातूरला पोचली. रूळांतले अंतर ७६२ मिलिमीटर. मुंबई–मद्रास मार्ग मात्र ब्रॉडगेज. त्यामुळे मुंबईहून आलेला प्रत्येक डाग कुर्डुवाडीला एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. मागे कितीही मोठी गाडी असो, हमाल जेवढे उतरवतील तेवढाच माल पुढे. या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रॉडगेज होईपर्यंत हे चालले. १९४१ मध्ये रशियात शिरलेल्या जर्मन फौजेची गोची अशाच कारणाने झाली. रशियन रूळ रुंद होते, ते उखडून पुन्हा ठोकेपर्यंत रणगाडे पुढे आणि तेल मागे. खेळातही जिंकलेले रूळ लगेच कामाला येत नाहीत, ते बदलून घ्यायला वेळ लागतो.

८. नळदुर्गचा पूल

आता ट्रकचा हिशेब. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय सैन्य मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरले. आपल्याकडे याला पोलीस ॲक्शन म्हणतात, लष्करी नाव ऑपरेशन पोलो. सोलापूर हे ब्रॉडगेजवरचे मोठे स्टेशन, म्हणजे खेळाच्या भाषेत पुरवठा-केंद्र. तिथून हैदराबाद रस्त्याने सुमारे तीनशे किलोमीटर.

तीन टन माल नेणारा ट्रक घ्या, लिटरला चार किलोमीटर जाणारा. जाऊन-येऊन सहाशे किलोमीटरला दीडशे लिटर पेट्रोल, वजन साधारण एकशे दहा किलो. तीन हजार किलोंतले एकशे दहा, म्हणजे चार टक्क्यांहून कमी. बैल दहा कोसांवर चाळीस टक्के खात होता. दिवसाला शंभर टन पोचवायचे आणि फेरी चार दिवसांची धरली, तर सुमारे एकशे पस्तीस ट्रक पुरतात. आझम खानाने हा आकडा ऐकला असता तर विश्वास ठेवला नसता.

पण ट्रकची एक दुखरी नस आहे. बैल नदीतून उतरून जातो. लादलेला ट्रक पावसाळ्यातल्या बोरीतून जात नाही, त्याला पूल लागतो. सोलापूर–हैदराबाद रस्त्यावर संस्थानात शिरल्यावर थोड्याच अंतरावर नळदुर्गचा पूल येतो. तो उडवला गेला असता तर रणगाडे कदाचित कुठूनतरी उतार शोधून पलीकडे गेले असते, पण त्यांच्यामागचे पेट्रोल अलीकडे राहिले असते. म्हणून पहिल्याच दिवशीचे पहिले लक्ष्य हा पूल होता. तो अचानक हल्ला करून शाबूत हाती घेतला गेला. त्यानंतर उमरगा, राजेश्वर, जहिराबाद अशी वाट उघडत गेली. १७ सप्टेंबरला शस्त्रसंधी झाली आणि १८ तारखेला संस्थानाचे सेनापती अल इद्रूस यांनी चौधरींपुढे शरणागती पत्करली.

समोरच्या बाजूचे काय? निजामाचे राज्य चारी बाजूंनी वेढलेले, समुद्र नाही, आणि भारताने मालाची नाकेबंदी केलेली. शस्त्रे आणायला एकच वाट उरली, आकाशाची. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री बिदर आणि वरंगळला शस्त्रे उतरवत असे. विमानाने बंदुका येतात, पण फौजेचे रोजचे पेट्रोल, धान्य आणि दारूगोळा त्या मापाने येत नाही. खेळात हवाई पुरवठ्याचे बटण दिसते तेव्हा नवा खेळाडू हरखतो. वेढलेली तुकडी काही दिवस तगवायला ते ठीक आहे. त्याच्या भरवशावर राज्य लढवायला जाऊ नये.

पोलीस ॲक्शनबद्दल बोलताना आपण रझाकार, स्टेट काँग्रेस, सरदार पटेल यांच्यावर बोलतो, आणि ते योग्यच आहे. पाच दिवसांत सगळे कसे आटोपले हा प्रश्न मात्र अर्ध्याहून जास्त रस्ता, पूल आणि पेट्रोल यांचा आहे.

९. खेळात जे सापडत नाही

हे खेळ युरोपात बनलेले आहेत, म्हणून त्यांच्यात हिवाळ्याचा धाक मोठा. दख्खनमधल्या सेनापतीला धाक असे तो दोन टोकांचा : वैशाखात गवत नाही, आषाढात वाट नाही. मोहिमेचे दिवस दसऱ्यापासून सुरू होत ते याचमुळे. पाऊस सरलेला, नद्या उतरलेल्या, रानात गवत उभे आणि पुढे रब्बीची ज्वारी. तांडाही या खेळांत दिसत नाही. खासगी व्यापारी दोन्ही बाजूंना धान्य विकतो आणि त्याला दुखवायची हिंमत कोणालाच नसते, ही गोष्ट नियमात बसवणे कठीण आहे, हे मान्य. तरी दख्खनचा नकाशा देणाऱ्या खेळात ती नसणे ही मोठी उणीव आहे. रसदीच्या बाबतीत तिन्हींत हार्ट्स ऑफ आयर्न मला सरस वाटतो, कारण त्यात भूक लागण्याआधी वाट दिसते.

सराव करायचा असेल तर युरोपा ४ मध्ये १४४४ ला बहमनी घ्या आणि विजयनगरावर स्वारीची तयारी करा. युद्ध जाहीर करण्याआधी वाटेतल्या प्रत्येक प्रांताची पुरवठा-मर्यादा वाचा. किल्ल्यापुढे वेढ्यापुरतीच पथके ठेवा, बाकीची शेजारच्या दोन-तीन प्रांतांत विभागून ठेवा, आणि शत्रूची फौज दिसली की ती पोचण्याआधी एकत्र आणा. कवटी दिसली आणि वेढा लवकर संपण्याची चिन्हे नसतील, तर उठून मागे या. मनुष्यबळ भरून यायला खेळात वर्षे लागतात, किल्ला तिथेच राहतो.